गाठ दिसली की झाड उपटा

लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना एवढंच ठाऊक होतं, की मुलगी नागपुरातच एका सरकारी प्रयोगशाळेत आहे आणि नोकरी कायमची आहे. सक्करदऱ्याच्या घरी महिनाभर नांदून झाल्यावर सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, "तू तिथं करतेस तरी काय वं?"

मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "मातीतले किडे मोजते."

त्यांचा हात थांबला. "मोजून?"

"वहीत लिहिते."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मातीतले मोजते."

त्यानंतर घरी कुणी पाहुणे आले की त्या म्हणत, "सून औषधांच्या कामात आहे." मी चहा टाकायच्या निमित्तानं आत पळत असे, कारण पाहुणे लगेच गुडघेदुखीवर औषध विचारत.

ज्यांना मी मोजत असे त्यांना पुस्तकात सूत्रकृमी म्हणतात. दोऱ्याच्या तुकड्यासारखे, पण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसायचेच नाहीत. त्यांतली एक जात झाडाच्या कोवळ्या मुळात शिरते, तिथंच बूड टेकते आणि मुळाचा रस पीत बसते. माद्या फुगत जातात आणि त्यांच्याभोवती मूळही सुजतं. मुळावर गाठीच गाठी होतात. मग मुळाला पाणी वर चढवता येत नाही. वर झाड पिवळं पडतं, खुरटतं, शेतात ओल असूनही भर दुपारी मान टाकतं. शेतकरी बिचारा पानांकडे बघून फवारे मारत बसतो आणि चोर खाली जमिनीत जेवत असतो.

त्यांना पकडायची आमची रीत कुणाही गृहिणीला जमेल अशी होती. बादलीत माती कालवायची, ढवळायची, जड कचरा खाली बसला की वरचं गढूळ पाणी एकाखाली एक अशा चाळण्यांतून ओतायचं. सगळ्यांत खालची चाळणी मलमलीहूनही बारीक. तिच्यावर जे उरेल ते पातळ कागदावर घालायचं आणि तो कागद जाळीवर ठेवून ताटलीतल्या पाण्याला नुसता टेकवायचा. मेलेला कचरा कागदावर राहतो, जिवंत किडे वळवळत पाण्यात उतरतात. दुसऱ्या दिवशी ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं आणि हातातला मोजणीचा खटका दाबत राहायचं. एक किडा, एक खट्. साहेब म्हणत, तुमच्या टेबलाजवळून गेलं की टाइपराइटरच्या शाळेतून गेल्यासारखं वाटतं.

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. अतिशय शांत माणूस. रागावले की त्यांचा आवाज आणखी खाली येई, इतका की आपल्याला पुढं वाकून राग ऐकावा लागे. त्यांचा जीव वाटाण्यात होता, ज्याला आमच्याकडे सगळे मटरच म्हणतात. दर हिवाळ्यात व्हरांड्यात कुंड्यांची ओळ लागे. माती वाफवून स्वच्छ केलेली, बी एकाच पोत्यातलं. पहिल्या कुंडीत किडे अजिबात नाहीत, दुसरीत थोडे, तिसरीत जास्त, अशी चढती भाजणी. ते मोजून घालायचं काम माझं. दीड महिन्यात ती ओळ शाळेतल्या कवायतीसारखी दिसे, उंच पोरगं एका टोकाला आणि बुटकं दुसऱ्या. शेवटच्या कुंडीतलं मटर वीतभर उंच. त्याला एखादी शेंग धरे, तीही पोकळ. पाहुण्यांना आम्ही ती ओळ दाखवायचो तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. पिकाचं वाटोळं कसं होतं ते इतक्या सुंदर रीतीनं मांडलेलं मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी, एका जानेवारीत, अंजना आमच्याकडे पहिल्यांदा आली. कन्हानच्या काठी तिचं गाव. नवरा रेल्वेत, महिन्यातून दोनदा घरी येणारा, म्हणून शेत सासरे आणि ती बघत. सकाळच्या बसनं ती एकटीच आली होती आणि ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून मटराची पाच-सहा झाडं आणली होती. दवाखान्यात पोर दाखवायला आणावं तशी तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली.

"दुकानदारानं खत देल्लं, टाकलं. शेजारीण म्हणे नजर लागली, मिरच्या ओवाळल्या. काहीच फरक नाई पडला, बाई. पानी देऊन राह्यलो तरी दुपारी माना टाकते."

मी मुळं धुतली. हळकुंडासारखी मुळं, गाठ नाही अशी जागा नव्हती. विचारलं, "आधी काय होतं त्या शेतात?"

"वांगेच वांगे. तीन साल."

वांगं म्हणजे या किड्यांची आवडती खानावळ. तीन वर्षं तिथं जेवून त्यांची पलटण वाढली होती आणि चौथ्या वर्षी अंजनानं त्यांना मटर वाढलं. मी एक गाठ फोडून काचेवर ठेवली आणि तिला नळीतून बघायला लावलं. बराच वेळ तिला काही दिसेना, सगळ्यांचंच तसं होतं. मग एकदम तिनं डोळा मागं घेतला.

"हे तं वळवळून राह्यलं जी!"

पुन्हा डोळा लावला आणि हसायला लागली. म्हणाली, "बरं झालं बाई. मले वाटे माह्या हाताचाच दोष हाय." त्या हसण्यामागचं कारण नंतर चहा पिताना कळलं. दीड एकराचा तो तुकडा पहिल्यांदाच तिच्या मनानं पेरला होता. सासरे सोमाजी ज्वारी म्हणत होते, ती मटर म्हणाली. आता झाडं माना टाकत होती आणि सोमाजी रोज संध्याकाळी बांधावर उभे राहून काही न बोलता बघून जात होते. ते न बोलणं तिला फार लागत होतं.

साहेबांनी तिला उपाय सांगितला, मी कागदावर लिहून दिला. मे महिन्यात शेत दोनदा खोल नांगरायचं आणि माती उघडी टाकायची. नागपूरचं ऊन माणसाला मारतं, ते किड्याला सोडतं होय! पावसाळ्यात तिथं झेंडू लावायचा, कारण त्याच्या मुळाशी या किड्यांचं जमत नाही. मग निंबोळी पेंड घालून हिवाळ्यात पुन्हा मटर. अंजनानं कागद नीट घडी करून पोलक्यात ठेवला आणि गेली. आठ दिवसांनी तिचं कार्ड आलं. चौथीपर्यंत शिकलेली होती, अक्षर गोल आणि मोठं. लिहिलं होतं की मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ऐकून घेतलं. म्हणाले, एक साल अजून देतो. जमलं तर जमलं, नाई तं वावर माह्या हाती, मंग तू स्वयंपाक पाय.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

त्याच उन्हाळ्यात वरून हुकूम आला, की गावोगावी सभा घेऊन लोकांना या रोगाची माहिती द्या. साहेब परिषदेसाठी बाहेरगावी, म्हणून मी निघाले. पेंटरकडून एक मोठं चित्र करून घेतलं, गाठींनी भरलेलं वांग्याचं मूळ, लाल रंगात, राक्षसासारखं. बरणीत खरी मुळं घेतली. पहिल्या गावात तासभर बोलले तर लोक जांभया देत होते. दुसऱ्या गावात मला एक वाक्य सुचलं आणि ते मी सगळ्यांकडून म्हणून घेतलं: "गाठ दिसली की झाड उपटा, उपटलं की जाळा!" बाया हसल्या, म्हाताऱ्यांनी ठेका धरला. अकरा गावांत मी ते वाक्य म्हणवून घेतलं. अंजनाच्या गावी तर तीच पुढं उभी राहून सगळ्यांना म्हणायला लावत होती. आणि जाताना मी सांगत असे, पेरल्यावर महिना-सव्वा महिन्यानं एक झाड उपटा, मूळ धुवा, बघा.

मला भाषण येतं हे मला तेव्हा कळलं. बसमधून परतताना मी अगदी हवेत असे.

सांगितलेलं सगळं अंजनानं केलं. मेमध्ये नांगरलं, पावसाळ्यात झेंडू लावला. दसऱ्याला बैलगाडीभर फुलं नागपूरला आणली आणि एक टोपलं आमच्या टेबलावर ओतून गेली. त्या दिवशी साहेबांच्या सूक्ष्मदर्शकालाही हार होता. परत जाताना मी तिला शेजारच्या विभागातून एक पाकीट आणून दिलं. काळ्या भुकटीसारखं. "गुळाच्या पाण्यात कालव आणि बियाण्याला चोळ, सावलीत वाळव, मग पेर." तिनं विचारलं, "हे काय करते?" बस सुटायची घाई होती. मी म्हटलं, "औषध आहे, चांगलं असतं."

डिसेंबरात, एका शुक्रवारी सकाळी तिचं कार्ड आलं. चार दिवसांपूर्वी लिहिलेलं.

"बाईस नमस्कार. तुम्ही सांगतल्यापरमानं झाड उपटून मूळ धुवून पायलं. गाठीच गाठी हाय. दहा झाडं पायले, दाहीले तेच. झाड मांडीएवढं हाय, फूल धरलं हाय, तरी पन गाठी हाय. मामाजीले सांगून टाकलं. शुक्रवारी सारं उपटून जाळतो. तुमचा दोष नाई."

मला रडूच आलं. इतकं करून मटर गेलं, आणि तिचं शेतही गेलं. मी कार्ड साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि इतक्या हळू आवाजात बोलले की मला टेबलावर ओणवं व्हावं लागलं.

"मांडीएवढं झाड, फुलावर आलेलं. किडा लागलेलं मटर असं असतं का हो बाई? आपल्या शेवटच्या कुंडीतलं?"

"नाही."

"बियाण्याला काय चोळायला दिलं होतंत?"

मी काय केलं ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मटराच्या मुळावर आणखी एक गाठ येते, आणि ती झाडाच्या फार भल्याची असते. तिच्यात सूक्ष्म जीव राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला खत पुरवतात आणि झाड त्यांना साखर देतं. मी दिलेल्या पाकिटात तेच जीव होते. म्हणजे त्या चांगल्या गाठी मुळाला भरभरून याव्यात म्हणून मीच पाकीट दिलं होतं, आणि गाठ दिसली की झाड उपटा हेही मीच शिकवलं होतं. अकरा गावांना. ठेक्यात.

आठची बस गेली होती, पुढची दोनला. आमची जीप दुरुस्तीला. मी होते तशी, पांढरा कोट घालून, भिंग मुठीत धरून रस्त्यावर आले आणि संत्री उतरवून रिकाम्या निघालेल्या ट्रकला आडवी झाले. ड्रायव्हर घाबरला. "क्या हुआ बाई? कोई सीरियस है क्या?"

"हो," मी म्हटलं, "मटर."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि जो ट्रक हाणला तो थेट कन्हानच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत. मी पुढं, पायाशी संत्र्याच्या पेट्यांचं गवत आणि अंगावर त्याचा वास. फाट्यापासून शेत अर्धा कोस. इतकी मी लहानपणीही धावले नव्हते.

लांबूनच ढीग दिसला. हिरवागार, पांढऱ्या फुलांचा ढीग. चार ओळी उपटून झाल्या होत्या आणि पाचवीत अंजना आणि दोन बाया वाकलेल्या होत्या. बांधाशी सोमाजींनी बैल वखराला जुंपून तयार ठेवले होते आणि ते तंबाखू मळत बसले होते. मी बांधावरूनच ओरडले, "उपटू नका! अंजना, उपटू नको!"

अंजना उठून उभी राहिली. तिचे डोळे रडून सुजलेले. "पन बाई, गाठी..."

मी ढिगातलं एक झाड उचललं. मुळावर मोत्यांसारखे दाणे लगडले होते. नखानं एक दाणा टोकरला, तो अलगद सुटून तळहातावर पडला. "बघ, ही नुसती चिकटून बसलेली आहे. नखानं निघते." दाणा चिमटीत फोडला, आत गुलाबी लाल. "आणि आत रक्तासारखा रंग. ही झाडाला जेवू घालते." मग बांधापलीकडे वांग्याची जुनी दोन-तीन खोडं उरली होती, त्यांतलं एक उपटलं. "आता ह्या गाठीला नख लाव." अंजनानं नख लावलं. गाठ निघेना. मूळच सुजलेलं, निघणार कुठून? जोर केला तर मूळच तुटलं.

सोमाजी उठून आले. एका हातात मटराचं मूळ, एका हातात वांग्याचं, आणि अंगठ्याच्या नखानं एक एक गाठ टोकरून बघायला लागले. दहा-पंधरा बघितल्या असतील. बाया गोळा झाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे बाई, ह्या गाठी चांगल्या, त्या वाईट."

"हो."

"तुमी तं सभेत एकच सांगतली होती."

"हो."

"मंग चूक कोनाची?"

माझ्या अंगावर सरकारी कोट होता आणि मागं सगळी बायामंडळी उभी होती. काहीतरी सारवासारव करता आली असती, चित्रकार, हुकूम, वेळ कमी होता. पण अंजनाचा तो ढीग समोर होता. मी म्हटलं, "माझी. पूर्ण माझी चूक आहे, सोमाजी. हिनं मी सांगितलं तेच केलं."

सोमाजींनी दोन्ही मुळं खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि बैलांकडे गेले. वखर सोडलं. म्हणाले, "सरकारातल्या माणसाले 'माह्यी चूक' म्हनताना मी पयल्यांदाच आयकलं बुवा." आणि जे हसायला लागले, ते थांबेचनात. बाया हसल्या, अंजना रडता रडता हसली, मग मलाही राहवेना. उपटलेल्या चार ओळींचं काय करायचं असं कुणी विचारलं, तर अंजना म्हणाली, "बैलाले घाला. त्याईले तं गाठीचं काही वाकडं नाई."

बाकीची कथा तितकी हसण्याची नाही. पुढचे पंधरा दिवस मी उरलेल्या दहा गावांत हिंडले, प्रत्येक ठिकाणी दोन्ही मुळं घेऊन, आणि प्रत्येक ठिकाणी आधी "मी चुकले" म्हणून मग बोलले. आठ गावं वेळेवर गाठली. दोन गावांत लोकांचं मटर जाळून झालेलं होतं. तिथला एक शेतकरी रागावलासुद्धा नाही. राख दाखवून म्हणाला, "तुमीच सांगतलं होतं ना जी." साहेबांनी एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त ते लाल चित्र भिंतीवरून काढलं आणि पांढरा कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाले, आता तुम्ही काढा. मला चित्रकला येत नाही. तरी एका बाजूला एक मूळ, दुसऱ्या बाजूला दुसरं आणि मध्ये अंगठ्याचं नख असं काढलं. नख बटाट्यासारखं झालं होतं. मी निवृत्त होईपर्यंत तेच चित्र गावोगावी फिरलं.

पुढं उलटी माणसंही भेटली. एका गृहस्थांनी पेढ्यांच्या खोक्यात कापूस घालून मटराचं मूळ आणलं आणि म्हणाले, शेतकी प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळावं, इतक्या चांगल्या गाठी कुणाकडे नसतील. सगळ्या किड्यांच्या होत्या. त्यांना ते सांगायला मला अर्धा तास लागला, त्यातली पंचवीस मिनिटं तर ते रुसूनच बसले होते.

त्याच हंगामात, जानेवारीत, मटर तोडणीला आलं तेव्हा अंजनाचा निरोप आला, की येऊन जा. रविवार होता, सासूबाईंनाही घेऊन गेले. त्या वर्षी नळीत न बघता, काही न मोजता मी पहिल्यांदा शेत पाहिलं. थंडी छान होती, शेंगा टंच भरलेल्या, बाया ओळीनं तोडत होत्या. सासूबाई बांधावर बसून शेंगा सोलून खाऊ लागल्या आणि अंजनाला म्हणाल्या, "गोड आहेत वं." मग माझ्याकडे वळल्या. "हे तुझ्या किड्यांमुळं?" मी म्हटलं, "किडे नाहीत म्हणून." त्यांनी मान डोलावली. आणखी एक शेंग सोलली.

तोडणाऱ्यांत सोमाजीही होते, डोक्याला मुंडासं, कमरेला झोळी. साठ वर्षं ज्वारी कापलेला हात. ते एका हातानंच शेंग ओढत होते आणि प्रत्येक ओढीबरोबर वेल मुळापासून हलत होता. पलीकडच्या ओळीतून अंजनानं ते पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि सगळ्या बाया ऐकत असताना म्हणाली, "मामाजी, तसं नाई. एका हातानं वेल धरा, दुसऱ्यानं तोडा. मूळ हालते ना."

बायांचे हात थांबले.

सोमाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं वेल धरला, उजव्यानं शेंग तोडली, आणि ती तिला दिसेल अशी वर धरून विचारलं, "अशी?"

"हो," अंजना म्हणाली, "अशी."

"बरं," सोमाजी म्हणाले, आणि पुढच्या वेलाकडे वळले.